तिसरा रकाना

माळीवाड्याच्या स्टॉपवर भिंगारची बस आली तेव्हा आसाराम दोन्ही हातांत पिशव्या घेऊन सगळ्यांच्या मागे उभा होता. पुढं त्याची मुलगी सायली चढली, तिच्यामागं बायको पुष्पावती, मग वहिनी. वहिनीनं डावा पाय पायरीवर ठेवला आणि अंग वर उचलताना तिचा हात दांड्याकडं जायचा तो खाली आला, लुगड्यावरून डाव्या जांघेत दाबला गेला, आणि मग दांड्याकडं गेला. सगळं मिळून दोन सेकंद. कंडक्टर पुढं सरका म्हणून ओरडत होता, मागचा एक म्हातारा आसारामच्या पाठीत काठी टोचत होता, आणि पिशवीतलं झबलं-टोपडं चुरगळू नका म्हणून पुष्पावती आतून बजावत होती. कुणाचंच लक्ष नव्हतं. आसारामचं होतं. तो पायरीवर तसाच थांबला, म्हाताऱ्यानं पुन्हा काठी टोचली तेव्हा वर चढला. जानेवारीतल्या रविवारची सकाळ होती, थंडी चांगली मी म्हणत होती, आणि त्याच्या कानामागून घाम उतरायला लागला होता.

आसाराम वीस वर्षं नगरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात ड्रेसर होता. जखमा धुवायच्या, सडलेलं कापायचं, पट्ट्या बांधायच्या. डॉक्टर आले आणि गेले, पण ड्रेसिंगची खोली आसारामचीच राहिली. नवे डॉक्टर 'आसाराम, तू बघ रे' म्हणायचे आणि तो बघायचा. पट्टी सोडायच्या आधी नुसत्या वासावरून जखम भरते आहे की चिघळते आहे हे तो सांगे, आणि बहुतेक वेळा ते खरं निघे. त्यामुळं त्याला थोडी मिजास होती, नव्हती असं कशाला म्हणा. माणूस दुखणं कुठं लपवतो हे त्याला हाताच्या हालचालीवरून कळायचं. पोटरी ठणकत असली की माणूस गुडघा धरतो. तळव्यात दुखत असलं की ओठ चावतो. जांघेत हात जातो तो तिथं काहीतरी सुजलं असेल तरच. पायाला ठेच लागली, काटा मोडला की जांघेत गाठ येते, अवधाण आलं म्हणतात, खेड्यातल्या पोरालाही ते ठाऊक असतं. पण त्याला खाली जखम लागते. वहिनीच्या पायाला तर जखम नव्हती. पाय बरा झाला होता, असा बरा झाला होता की दवाखान्यातल्या नर्सबायांना बोलावून त्यानं तो दाखवला होता. मग गाठ कसली? बस चांदणी चौकातून वळली, आणि कपाटात कपड्यांखाली ठेवलेलं पिवळं कार्ड त्याच्या डोळ्यांपुढं आलं. त्या कार्डावर तीन रकाने होते. पहिल्या दोन्हींत त्यानं लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. तिसऱ्यात त्यानं पाच वेळा 'नाही' लिहिलं होतं, आणि पाचही वेळा ते न बघता, न विचारता लिहिलं होतं.

वहिनी खिडकीशी बसली होती. पुष्पावतीशी काहीतरी बोलत होती, हसतही होती. ती, चांगुणा, लग्न होऊन घरात आली तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि आसाराम बारा. कर्जतकडचं त्यांचं गाव कोरडंठाक, आणि ही काष्टीच्या अंगची, उसापाण्यात वाढलेली. थोरला भाऊ भाऊसाहेब तेव्हा बावीस वर्षांचा बाप्या. नवऱ्यापुढं तिची मान वर व्हायची नाही, त्यामुळं पहिलं वर्षभर ती बोलली ती बहुतेक दिराशीच. ओढ्याकाठी बोरं वेचताना तिनं त्याला पाय दाखवला होता. नऊ वर्षांची असताना गुऱ्हाळाच्या चुलाणाजवळ खेळता खेळता तिचा पाय राखेत गेला, वरून गार दिसणाऱ्या राखेच्या पोटात विस्तव होता. वर्षभर ती जखम वाहिली. मग पोटरीच्या मागून घोट्यापर्यंत एक चट्टा उरला, दुधावरच्या सायीसारखा गोळा झालेला आणि मध्ये ताणून गुळगुळीत झालेला. 'हात लावा,' ती म्हणाली होती, 'मला काय कळत न्हाई तितं.' त्यानं बोट लावलं. तिनं डोळे मिटून घेतले आणि खरंच कळत नाही म्हणून खुदखुदून हसली. पुढं त्याच्या ओठावर लव आली, तिचा पदर डोक्यावरून पुढं आला, आणि तो 'वैनी, भाकर वाढा' एवढ्यावर आला. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. घरात ते आपोआप होतं.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्या चट्ट्यात ज्वारीचं धसकट घुसलं. तोवर ती विधवा होऊन बारा वर्षं झाली होती, गावाकडची दोन एकर एकटीनं करत होती. महिन्या-दोन महिन्यांनी आसाराम गावी जायचा तेव्हा पट्ट्यांचं सामान घेऊन जायचा. जखम रुपयाएवढी होती आणि भरत नव्हती. जुन्या चट्ट्यात रक्त कमी पोचतं, वेळ लागणारच, असं त्यानं तिला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. मग कडांना मांस यायला लागलं. लालभडक, दाणेदार, जखमेच्या तोंडावर फुलून आलेलं. आता इथं दुसरा कुणी असता तर घाबरला असता, डॉक्टरकडं गेला असता आणि वाचला असता. आसाराम घाबरला नाही, कारण त्याला येत होतं. भरत्या जखमेत कधी कधी मांस गरजेपेक्षा जास्त वाढतं, आणि त्यावर जुन्या ड्रेसरचा उपाय ठरलेला असतो: मोरचुदाचा खडा फिरवायचा, वाढलेलं जळून जातं, कातडी वरून सरकते. वीस वर्षांत शेकडो जखमांवर त्यानं तो फिरवला होता. वहिनीच्या पायावरही फिरवला. मांस जळे, पुढच्या खेपेला पुन्हा आलेलं असे, तो पुन्हा खडा फिरवी. ती पदराचा बोळा तोंडात धरून बसायची. असे चौदा महिने गेले. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथं बैल त्याचा नव्हता, पाय दुसऱ्याचा होता.

शेवटी तिला नगरला आणलं तेव्हा दवाखान्यात नव्यानं आलेला एक पोरगेला सर्जन हात पुसत ड्रेसिंगच्या खोलीत डोकावला. त्यानं वाकून पाहिलं आणि विचारलं, 'आसाराम, ही जखम आहे असं वाटतं तुला?' एवढंच विचारलं. कडेचा तुकडा काढून तपासायला पाठवला. भाजल्याच्या जुन्या चट्ट्यात तीस-चाळीस वर्षांनीसुद्धा कॅन्सर होतो, हे आसारामनं ऐकलेलं नव्हतं असं नाही. पण ऐकलेलं आणि हाताखाली आलेलं यांची गाठ पडत नाही, तसं झालं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात मार्चमध्ये ऑपरेशन झालं. चट्टा सगळा, कडेनं चांगली दोन बोटं निरोगी कातडी धरून, हाडापर्यंत काढला. उजव्या मांडीची पातळ कातडी सोलून त्यावर बसवली. पाय वाचला. वहिनी त्याच्या घरी राहायला आली, आणि मग आसारामनं त्या पायाची जी निगा राखली ती दवाखान्यात कुणी कुणाची राखली नसेल. पहाटे उठून तो पट्टी भिजवायचा, धागा धागा सोडवायचा, नव्या कातडीखाली पाण्याचा थेंब साचला तर सुईनं काढायचा. आधी कातडी निळसर होती, मग गुलाबी झाली, कडा मिळाल्या, दीड महिन्यानं तळहाताएवढी मऊ साबूत जागा तयार झाली. त्या दिवशी मोरीत हात धुताना तो रडला. आपण मोरचूद फिरवला ते फिटलं असं त्याला वाटलं. माणसाला असं वाटून घ्यायची फार घाई असते.

ऑगस्टात पुण्याच्या डॉक्टरबाईंनी पाय बघितला आणि हे ड्रेसिंग कुणी केलं म्हणून विचारलं. मग त्यांनी पडदा ओढून वहिनीच्या जांघा तपासल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, सध्या सगळं छान आहे, पण हा आजार परत आला तर नेहमी जखमेच्या जागी येतो असं नाही, पुष्कळदा आधी जांघेत गाठ होऊन येतो, आणि ती लवकर सापडली तर काढता येते. दर महिन्याला हात लावून बघायचं. त्यांनी पिवळं कार्ड काढून रकाने आखले: जखम, कडा, जांघेतली गाठ. 'तुम्ही ड्रेसर आहात म्हणून हे तुमच्याकडे देते,' त्या म्हणाल्या. 'नाहीतर दर महिन्याला पुण्याला बोलावलं असतं. सगळं नीट असेल तर आता फेब्रुवारीतच या. एवढं करणारा भाऊ मिळायला भाग्य लागतं.' त्याच वेळी तो म्हणू शकला असता की मी भाऊ नाही, दीर आहे. चार शब्दांचं काम होतं. वहिनीही शेजारी उभी होती, तीही काही बोलली नाही. तो 'हो मॅडम' म्हणाला आणि कार्ड खिशात ठेवलं.

बस छावणीच्या रस्त्याला लागली, खिडकीतून गार वारा आत येत होता, आणि आसारामला पहिली वेळ आठवली. ऑगस्टातला शेवटचा रविवार. पाय तपासून झाला, दोन रकाने भरून झाले. वहिनी पाटावर बसली होती, पुष्पावती चुलीकडं होती. आता विचारायचं. दवाखान्यात बायकांना तो दिवसातून दहा वेळा विचारे, जांघेत गाठ आली का हो बाई, तोंड न वळवता, पट्टी कापत. जीभ अडखळायची नाही. इथं त्याच्या तोंडातून निघालं ते 'बाकी बरं हाय ना?' एवढंच. ती म्हणाली, बरं हाय. त्यानं 'नाही' लिहिलं. दुसऱ्या महिन्यात त्यानं पुष्पावतीवर सोपवायचं ठरवलं. 'अगं, वैनींचं जरा...' एवढं म्हणाला, तर ती कणीक तिंबता तिंबता म्हणाली, 'परत पायाचंच ना? घरात दुसरं काय बोलायला हाय का तुमाला?' तिच्या बोलण्यात राग नव्हता, असला तर थोडा कंटाळा होता. पण आसाराम तिथंच थांबला. थांबायला त्याला कारण पुरेसं होतं, कारण त्या घरात एक गोष्ट होती जी पंधरा वर्षं कुणी काढली नव्हती.

भाऊसाहेब गेला तेव्हा चांगुणा एकतीस वर्षांची, मूलबाळ नाही. धर्म बदलून पंचवीस वर्षं झाली होती, पण म्हाताऱ्यांच्या तोंडातला पाट काही गेला नव्हता. तेराव्याचं जेवण नव्हतं, तरी चार म्हातारे जमलेच, आणि आसारामनं भावजयीला पाट लावून ठेवून घ्यावं, जमीन घरात राहील, बाई रस्त्यावर येणार नाही, असं त्यांनी मांडलं. पुष्पावतीशी त्याचं ठरलं होतं, साखरपुडा व्हायचा होता. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. आसारामनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दुपारभर तो खाली मान घालून चटईची काडी मोडत बसला. त्याच्या मनात काय होतं हे त्याला तेव्हा कळत होतं, म्हणूनच तो बोलला नाही. वहिनी आत भाकरी थापत होती, हाताचा आवाज थांबला होता. संध्याकाळी तीच दारात येऊन म्हणाली, 'त्येंचं ठरलंय तितं होऊ द्या. मी माझी जमीन बघंन.' प्रश्न मिटला. पण ती दुपार पुष्पावतीच्या कानावर लग्नाआधीच गेली होती, आणि झाकली मूठ म्हणून तिघांनीही ती आजवर झाकून ठेवली होती. आता त्या मुठीतून जांघ हा शब्द काढायचा कसा? पायाला, गुडघ्याखाली, रबरी हातमोजे घालून, दार उघडं ठेवून त्याचा हात लागला तर चालत होतं. त्याच्या वरचं सगळं अंग त्याच्यासाठी नव्हतंच. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. दर खेपेला पाय आधीपेक्षा सुंदर दिसे, आणि असल्या पायाच्या वर काही वाईट असेल असं मनाला पटत नसे. 'नाही' लिहायला पहिल्यांदा पेन रकान्यावर अडलं होतं. डिसेंबरात अडलं नाही.

भिंगारला पुष्पावतीच्या भावाच्या मुलाचं नामकरण होतं. बुद्धवंदना झाली, बाळाला नाव ठेवलं, बायकांनी पाळणा म्हटला. आसारामला उभं राहिलेलं आणि बसलेलं आठवत होतं, मधलं काही नाही. तो वहिनीकडं बघत होता. ती खाली बसली ती उजव्या अंगावर भार देऊन. उठताना शेजारणीच्या खांद्याला धरून उठली. एवढं कुणालाही दिसलं असतं. हे गेले दोन महिने घरात त्याच्यासमोर चालू असणार, आणि पंधरा फूट लांबून रोग्याचं दुखणं ओळखणाऱ्या माणसाला ते दिसलं नव्हतं, कारण त्याची नजर गुडघ्यापाशी येऊन थांबायला शिकली होती. पानात जिलबी होती. मेव्हणा आग्रह करत होता, दाजी घ्या की अजून. त्यानं एक तुकडा मोडला आणि पानातच ठेवला. मोरचुदाच्या वेळी निदान आपल्याला माहीत नव्हतं, तो स्वतःशी म्हणाला. या वेळी सगळं माहीत होतं. डॉक्टरबाईंनी ते मराठीत, हळू बोलून, दोनदा सांगितलं होतं.

दुपारी घरी आल्यावर त्यानं पुष्पावतीला मागच्या खोलीत बोलावलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. बसमधलं, डॉक्टरबाईंचं, कार्डाचं. ती ऐकत राहिली. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग उतरला. 'मला का न्हाई सांगितलं?' ती म्हणाली. 'एक शबुद टाकायचा. मी काय खाल्लं असतं का तुमाला?' ती तशीच वहिनीच्या खोलीत गेली आणि कडी घातली. आसाराम बाहेर मोरीपाशी उभा राहिला. शेजारच्या रेडिओवर कसलीतरी कॉमेंट्री चालू होती. किती वेळ गेला कोण जाणे, कडी निघाली. पुष्पावतीनं त्याच्यापुढं येऊन अंगठा आणि बोट जुळवून लिंबाएवढं माप दाखवलं. मग शेजारी आणखी एक, लहान. घट्ट हाय, हलत न्हाई, ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. हलत नाही याचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. त्याला होता: आत रुजलेली गाठ हलत नाही.

वहिनी मागच्या ओट्यावर उन्हात येऊन बसली होती आणि परातीत तुरीच्या शेंगा घेऊन सोलत होती, काहीच झालं नसल्यासारखी. आसाराम तिच्यापासून हातभर अंतरावर, खाली पायरीवर बसला. उद्या पहाटेच्या एस.टी.नं पुण्याला जायचं, हे त्यानं सांगितलं. तिनं बरं म्हटलं. पंधरा वर्षांपूर्वी चटईच्या काड्या मोडताना जसं तोंड कोरडं पडलं होतं तसं पडलं, आणि आपण आजही न बोलता उठून जाऊ शकतो, ती काही विचारणार नाही, हे त्याला स्पष्ट दिसलं. तिनं कधीच काही विचारलं नव्हतं. त्याच गोष्टीची त्याला भीती वाटली.

'वैनी,' तो म्हणाला, 'त्या कार्डावर गाठ नाही म्हणून मी लिहीत होतो ते खोटं होतं. तुम्हाला न विचारताच लिहिलं. पाचही वेळा.'

ती शेंगा सोलत राहिली. चार-पाच दाणे परातीत पडल्याचा आवाज झाला.

'दिवाळीच्या आधी हाताला लागली मला,' ती म्हणाली. 'बोराएवढी हुती. डाक्टरबाईनं सांगितलं हुतं ते ध्यानात हुतं की माझ्या. पर म्हनलं, आपन हून कसं सांगायचं. तुमी कार्ड काढायचे तवा मी तितंच बसून ऱ्हायचे, इचारलं की सांगावं म्हनून. तुमी काय इचारलं न्हाई.'

'मग?'

'मंग तुमी कामावर गेल्यावर सायलीकून ते वाचून घेतलं. ती म्हनली, काकू, गाठ न्हाई म्हनून लिवलंय पप्पांनी.' तिनं एक किडका दाणा काढून बाजूला टाकला. 'मंग मला वाटलं, भावजींनी लिवलंय म्हंजी न्हाईच. त्येंला पायाकडं बघूनच कळत असंल. ही दुसरी कसली तरी असंल, अवधाण-बिवधाण, जाईल. मला काय कळतंय त्यातलं? तुमाला कळतंय.'

त्यानं तिच्या आवाजात दोष शोधला. असता तर बरं झालं असतं, त्याला धरून काही बोलता आलं असतं, तिचे पाय धरता आले असते. पण दोष नव्हता. जसं घडलं तसं ती सांगत होती. बोराएवढी होती तेव्हा. बोराएवढी असते तेव्हा काढतात, हे तो हजार जणांना सांगत आला होता. तिच्या हाताला लागलेली गाठ तिनं त्याच्या अक्षरावर भरवसा ठेवून नाहीशी मानली होती, आणि ते अक्षर त्यानं लाजेपायी लिहिलं होतं. आपण एक शब्द उच्चारला असता तर ही बाई जगली असती, असं वाक्य त्याच्या मनात पुरं तयार झालं, आणि ती तर समोर जिवंत बसून शेंगा सोलत होती. ऊन तिच्या पावलांवर आलं होतं. लुगड्याच्या काठाखालून नवी कातडी दिसत होती, गुलाबी, निरोगी, कुठं एक भेग नाही.

'ह्या बारीला पाय काढत्याल का, भावजी?' तिनं विचारलं. 'का आता त्येचाबी उपेग न्हाई?'

ड्रेसरच्या जिभेवर याचं उत्तर तयार असतं. काही होत नाही, बारीकशी गाठ आहे, दोन टाक्यांचं काम. ते त्याच्या ओठांपर्यंत आलंही.

'मला ठाऊक नाही, वैनी,' तो म्हणाला.

तिनं मान हलवली. सोललेल्या शेंगांची टरफलं ओच्यात गोळा केली आणि भिंतीला धरून, उजव्या पायावर जोर देत सावकाश उठली. त्यानं आधाराला हात पुढं केला, तो मध्येच राहिला.

'मंग उद्या इचारू डाक्टरबाईला,' ती म्हणाली. 'तुमाला न्हाई जमलं तर मी इचारते.'